गिरणीचे इंजिन आणि शाळेचे रजिस्टर

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात एक जाडजूड जनरल रजिस्टर असते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याची तारीख त्यात क्रमाने लिहिलेली असते. एरवी या रजिस्टरकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण एखाद्या दिवशी एक गृहस्थ येतात. नातीच्या जातपडताळणीसाठी त्यांना आपल्या वडिलांची शाळेतील नोंद हवी असते. कारकून कपाट उघडतो, धूळ झटकतो आणि सत्तर वर्षांपूर्वीचे पान शोधू लागतो. ते पान सापडले तर काम एका दिवसात होते. ते वाळवीने खाल्ले असेल किंवा पुराच्या पाण्यात शाई धुऊन गेली असेल, तर त्या कुटुंबाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आता अशा नोंदी संगणकात जात आहेत. तो संगणक बहुधा शाळेत नसतो, तालुक्याच्या गावीही नसतो. दूर कोठेतरी हजारो संगणक एकत्र ठेवलेले असतात, आपण तारेवरून तेथपर्यंत पोहोचतो आणि काम करून परत येतो. या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. टेलिफोनचे आणि संगणकांचे जाळे कागदावर काढताना, ज्या भागाच्या तपशिलात शिरावयाचे नाही तेथे अभियंते ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव पडले. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, सरकारी खाती अशा अनेक संस्थांनी आपला कारभार या ढगात हलवला आहे किंवा हलवीत आहेत. अशा संस्थेच्या प्रमुखापुढे जेव्हा हा प्रस्ताव येतो, तेव्हा चर्चा बहुतेक वेळा खर्चाभोवती फिरते. परंतु आपल्या मालकीचे यंत्र सोडून दुसऱ्याच्या यंत्रावर विसंबावे का, हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांनी तो शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता. त्यांचे उत्तर आज आपल्याला कितपत लागू पडते, हे या लेखात पाहू.

खोपोलीची वीज

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील प्रत्येक मोठ्या गिरणीत स्वतःचे वाफेचे इंजिन असे. बाहेर उंच धुराडे, आत बॉयलर, आणि दूरवरून आणलेल्या कोळशाचे ढीग. इंजिनाचे अवजड चाक फिरे, त्यावरून दोर निघत आणि प्रत्येक मजल्यावरचा लांब शाफ्ट फिरवीत. शाफ्टवरून उतरलेले चामड्याचे पट्टे माग आणि चात्या चालवीत. इंजिन थांबले की सगळी गिरणी थांबे.

पश्चिम घाटात पडणारा पाऊस अडवून, ते पाणी उतारावरून खाली सोडून वीज करावी आणि ती मुंबईला द्यावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात होती. ती प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, १९०४ मध्ये, त्यांचे निधन झाले. १९१० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी साठवण्यात आले. ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरवले गेले आणि १९१५ मध्ये तेथील वीज सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून मुंबईला पोहोचली. तिचे प्रमुख ग्राहक कापड गिरण्या होत्या.

एका गिरणीमालकाच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहू. इंजिन त्याच्या मालकीचे होते, ते चालवणारी माणसे त्याच्या पगारावर होती. आता त्याला सांगण्यात येत होते, की इंजिन काढून टाका आणि घाटाच्या पायथ्यापासून येणाऱ्या तारेवर विसंबा. तार तुटली तर काय? पाऊस कमी झाला तर? सर्व गिरण्यांनी इंजिने मोडीत काढल्यावर कंपनीने दर वाढवला तर? हे प्रश्न कोणाच्याही मनात येण्याजोगे आहेत. तरीही गिरण्या हळूहळू विकतच्या विजेकडे वळल्या, कारण शंभर लहान इंजिनांपेक्षा एक मोठे वीजघर स्वस्त पडते. शिवाय सगळ्या ग्राहकांची गरज एकाच क्षणी शिखराला पोहोचत नाही. सकाळी गिरण्या, सायंकाळी दिवे, दिवसभर ट्राम, अशी मागणी विभागली जाते आणि तेच यंत्र अधिक काळ कामात राहते.

या बदलातून एक धडा उशिराने उमगला. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये तो एका निबंधात मांडला. कारखान्यांनी प्रथम वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी विजेची मोटार बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच. त्यामुळे फायदा थोडाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटार मिळाली, शाफ्टच्या सोयीने उभी केलेली यंत्रे कामाच्या क्रमाने मांडता आली, इमारतींची रचना बदलली, तेव्हा कोठे उत्पादकता खऱ्या अर्थाने वाढली. या सगळ्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. हा धडा लक्षात ठेवू; तो पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. मुंबईत धुराडी कमी झाली, पण त्या विजेची किंमत दुसरीकडे मोजली जात होती. मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी बुडणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण अखेर झालेच. तारेच्या एका टोकाला बसलेल्या माणसाला दुसऱ्या टोकाला काय आहे हे दिसत नाही. आजच्या क्लाउडलाही वीज आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी लागते, आणि त्याच्या इमारती कोणत्या तरी गावाच्या शेजारीच उभ्या राहतात.

एक यंत्र, अनेक माणसे

विजेप्रमाणे संगणनही घरोघर पुरवता येईल, हा विचार संगणकाच्या बाल्यावस्थेतच पुढे आला. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानात जॉन मॅकार्थी यांनी सांगितले, की टेलिफोनसेवेप्रमाणे संगणन हीदेखील एक सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी तेथेच फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर एकाच वेळी अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. तिला कालविभाजन म्हणता येईल.

ही युक्ती आपल्या एकशिक्षकी शाळेतल्या युक्तीसारखीच आहे. गुरुजी तिसरीच्या मुलांना गणिते घालून देतात, ती सोडवेपर्यंत चौथीला वाचन देतात, तेवढ्यात दुसरीचे शुद्धलेखन पाहतात. प्रत्येक वर्गाला गुरुजी आपलेच वाटतात. संगणक हे पाळीपाळीने फिरणे सेकंदात अनेकदा करतो, त्यामुळे प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याचे आहे असे वाटते.

पण यंत्र सामायिक झाले की माझे कोणते आणि तुझे कोणते, हा प्रश्न येतो. म्हणून एमआयटीच्या या संगणकावर प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. पुढे एके दिवशी एक विलक्षण घोटाळा झाला. एक जण सर्वांसाठीचा आजचा संदेश दुरुस्त करीत होता, दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. संपादनाचा कार्यक्रम दोघांच्या कच्च्या मजकुराला एकच नाव देत असे. दोघे एकाच वेळी काम करतील हे तो लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते. दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी संगणकावर येई त्याला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून मिळू लागले. कोणी चोरी केली नव्हती. एका माणसासाठी बनवलेली गोष्ट दोघांनी वापरली, एवढेच घडले होते.

भारतातही सामायिक संगणकाचा अनुभव जुना आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा त्या काळातील मोठा संगणक बसवण्यात आला. तो केवळ त्या संस्थेपुरता नव्हता. देशातील विद्यापीठे आणि प्रयोगशाळा आपली आकडेमोड भोके पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने तेथे पाठवीत. यंत्र दूर, आपण येथे, आणि मधे पत्त्यांचा प्रवास. आजच्या क्लाउडची हीच मांडणी आहे. फरक एवढाच, की त्या काळी गठ्ठा परत येत असे आणि आपल्याच कपाटात राहत असे.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९७२ चा. आयबीएम कंपनीने त्या वर्षी आपल्या मोठ्या संगणकांसाठी एक व्यवस्था बाजारात आणली. तिच्यामुळे एकच संगणक अनेक स्वतंत्र संगणकांचे सोंग घेऊ शकत असे. एका सोंगातला बिघाड दुसऱ्याला जाणवत नसे. वाड्याचे एकच मोठे दालन भिंती घालून खोल्यांत विभागावे आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळे कुलूप द्यावे, तसे हे झाले. आजच्या क्लाउडमध्ये आपण जो संगणक भाड्याने घेतो तो पुष्कळदा अशी एक खोलीच असते.

घरचे यंत्र, पुन्हा भाड्याचे यंत्र

मधल्या काळात वारे उलटे वाहिले. १९८१ मध्ये आयबीएमने वैयक्तिक संगणक विक्रीस आणला, किमती उतरत गेल्या आणि सामायिक यंत्राची निकड संपली असे वाटू लागले. प्रत्येक संस्थेने स्वतःचे सर्व्हर घेतले. त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली, वीज गेली तर बॅटऱ्या, देखभालीला माणसे, असा संसार उभा राहिला. संस्थेच्या तळघरात पुन्हा एक वाफेचे इंजिन आले.

या इंजिनाची एक अडचण शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. दहावीचा निकाल ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी दुपारी लाखो मुले एकाच वेळी निकाल पाहू लागतात आणि संगणक कोलमडतो. ती गर्दी पेलेल एवढी यंत्रे विकत घ्यावीत, तर वर्षातले इतर दिवस ती रिकामी बसतात. कमी घ्यावीत, तर नेमक्या त्या दिवशी फजिती होते.

२००६ मध्ये पुस्तकविक्रीपासून सुरुवात केलेल्या ॲमेझॉन या कंपनीने आपली यंत्रे इतरांना भाड्याने देण्यास आरंभ केला. मार्च महिन्यात माहिती साठवण्याची सेवा आली, तिचा दर महिन्याला एका गिगाबाइटमागे १५ सेंट होता. ऑगस्टमध्ये संगणकच भाड्याने मिळू लागला, तासाला १० सेंट या दराने. या हिशेबाचा अर्थ पाहण्यासारखा आहे. एक संगणक हजार तास वापरला काय आणि हजार संगणक एक तास वापरले काय, भाडे सारखेच. निकालाच्या दिवशी हजार यंत्रे घ्यावीत आणि सायंकाळी परत करावीत. विजेच्या मीटरप्रमाणे जेवढे वापरले तेवढे बिल.

मात्र मीटर दोन्ही बाजूंनी चालतो. ज्याचे काम वर्षभर एकसारखे चालते, चढउतार नसतात, त्याला रोजचे भाडे महाग पडू शकते. ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने आपला हिशेब मांडला आणि २०२२ मध्ये क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्या वर्षी तिने आपले बहुतेक काम विकत घेतलेल्या यंत्रांवर परत आणले. क्लाउड स्वस्त की महाग, याला एकच उत्तर नाही. कामाचा आलेख काढल्याशिवाय ते देता येत नाही.

सामान हलवावे की घर नव्याने बांधावे?

क्लाउडवर जाणे म्हणजे नेमके काय करणे, हे नेटफ्लिक्स या कंपनीच्या उदाहरणावरून चांगले समजते. ऑगस्ट २००८ मध्ये ही कंपनी मुख्यतः टपालाने चित्रपटांच्या डीव्हीडी पाठवीत असे. तिच्या स्वतःच्या यंत्रांवरील मुख्य माहितीसाठा बिघडला आणि तीन दिवस एकही डीव्हीडी रवाना करता आली नाही. सारा भार एका खांबावर असल्याचा हा परिणाम होता. कंपनीने भाड्याच्या यंत्रांवर जाण्याचे ठरवले. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये संपले. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ लागला.

इतका वेळ का लागावा? आहे ती व्यवस्था जशीच्या तशी उचलून नेली असती, तर जुने दोषही बरोबर गेले असते. म्हणून त्यांनी जवळजवळ सगळी व्यवस्था नव्याने बांधली. एका मोठ्या कार्यक्रमाचे लहान लहान स्वतंत्र भाग केले. एक बंद पडला तरी बाकीचे चालावेत अशी रचना केली. ती खरोखरच तशी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी एक खोडकर कार्यक्रमही लिहिला. चालू व्यवस्थेतील कोणतेही एक यंत्र तो अचानक बंद करी. त्याचे नाव त्यांनी माकडावरून ठेवले होते. कामाच्या वेळेत, माणसे जागी असताना यंत्रे मुद्दाम बंद पडत राहिली, तर रात्री आपोआप बंद पडल्यावर गडबड उडत नाही, हा त्यामागचा विचार.

येथे खोपोलीनंतरचा तो धडा पुन्हा भेटतो. शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवून नुसती मोटार बदलली, तर वीजबिल तेवढे नवे येते. कामाची रचना बदलण्याची तयारी नसेल, तर यंत्राचा पत्ता बदलून फारसे हाती लागत नाही.

राज्याचे दप्तर

व्यापारी कंपन्यांच्या पाठोपाठ सरकारे या वाटेने निघाली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०११ मध्ये आपल्या खात्यांसाठी क्लाउडला प्राधान्य देणारे धोरण प्रसिद्ध केले. ब्रिटनने २०१२ मध्ये सरकारी खात्यांना अशा सेवा निवडता याव्यात म्हणून एक सामायिक यादी तयार केली. भारतात १९७६ पासून सरकारी संगणकीकरणाचे काम करणाऱ्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरने २०१४ मध्ये 'मेघराज' या उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. २०१५ मध्ये डिजिलॉकर आले आणि गुणपत्रिका, वाहनपरवाना असे कागद मोबाइलवर दाखवता येऊ लागले.

सरकारचे दप्तर हे कंपनीच्या दप्तरापेक्षा वेगळे असते. कंपनी बुडाली तर भागधारकांचे पैसे बुडतात. जमिनीचा सातबारा, जन्माची नोंद, पेन्शनचा हिशेब बुडाला, तर नागरिकाला स्वतःचे असणेच सिद्ध करता येत नाही. दोन लहानमोठ्या देशांनी याचा विचार अगदी टोकापर्यंत केला.

एस्टोनिया हा सुमारे तेरा लाख वस्तीचा देश. त्याचा बहुतेक कारभार संगणकावर चालतो. २००७ मध्ये त्याच्या सरकारी आणि बँकांच्या संगणकांवर मोठे हल्ले झाले. देशाच्या भूमीवर संकट आले तर नोंदी कोठे सुरक्षित राहतील, या प्रश्नाला त्यांनी २०१७ मध्ये एक नवे उत्तर दिले. लक्झेंबर्गशी करार करून तेथील एका केंद्रात आपल्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत ठेवली. त्या जागेला वकिलातीसारखे संरक्षण देण्यात आले. यंत्रे लक्झेंबर्गच्या भूमीवर, पण त्यातील माहितीवर अधिकार एस्टोनियाचा.

युक्रेनला एवढी सवड मिळाली नाही. तेथील कायद्यानुसार महत्त्वाच्या सरकारी नोंदी देशातीलच यंत्रांवर ठेवणे बंधनकारक होते. शांततेच्या काळात हा नियम शहाणपणाचाच होता. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथील संसदेने कायदा बदलून नोंदी क्लाउडवर, देशाबाहेर नेण्यास मोकळीक दिली. २४ फेब्रुवारीला रशियाचे आक्रमण झाले. युद्धाच्या सुरुवातीच्या काळातच एका सरकारी माहितीकेंद्रावर क्षेपणास्त्र पडले. त्या धामधुमीत ॲमेझॉनने सुटकेसएवढ्या मजबूत पेट्या पोलंडमार्गे पाठवल्या. त्यांत मालमत्तेच्या, करांच्या आणि इतर नोंदी भरून त्या बाहेर काढण्यात आल्या. सात दिवसांपूर्वीचा तो कायदा झाला नसता, तर पेट्या आल्या असत्या तरी त्यांत काय भरावयाचे यावर वाद झाला असता.

दोन अपघात

येथवर वाचून कोणाचा असा ग्रह होईल, की नोंदी क्लाउडवर गेल्या म्हणजे सुरक्षित झाल्या. अलीकडचे दोन अपघात शेजारी ठेवून पाहिले तर हा ग्रह दूर होतो.

पहिला ऑस्ट्रेलियातला, मे २०२४ चा. युनिसुपर हा तेथील विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी आहे. त्याचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. त्याने आपला कारभार गूगलच्या क्लाउडवर नेला होता. ही व्यवस्था उभी करताना गूगलच्या कर्मचाऱ्यांकडून एक रकाना कोरा राहिला. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्राने 'मुदत एक वर्ष' असा घेतला. वर्ष संपताच निधीची खासगी क्लाउड व्यवस्था आपोआप पुसली गेली. सभासदांना काही दिवस आपली खाती पाहता येईनात. शिक्षकांच्या आयुष्यभराच्या बचतीचा हिशेब समोरून नाहीसा व्हावा, ही कल्पनाच धडकी भरवणारी आहे. पण निधीने वेगळ्या साठ्यात आणि दुसऱ्या एका कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे सारे पुन्हा उभे करता आले.

दुसरा अपघात दक्षिण कोरियातला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रात लिथियमच्या बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या. त्या केंद्रात जी-ड्राइव्ह नावाचा साठा होता. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रे कार्यालयातील संगणकावर न ठेवता तेथे ठेवावीत म्हणून तो निर्माण केला होता. त्यातील ८५८ टेराबाइट माहिती जळाली. साठा फार मोठा असल्यामुळे त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. ज्या खात्यांनी सूचना काटेकोरपणे पाळल्या होत्या, त्यांचे नुकसान सर्वांत अधिक झाले.

दोन्हींची तुलना उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियात यंत्रे परक्या खासगी कंपनीची होती आणि चूकही तिचीच होती, तरी नोंदी वाचल्या. कोरियात यंत्रे सरकारच्या मालकीची, सरकारच्या इमारतीत होती, तरी नोंदी गेल्या. म्हणजे यंत्र कोणाचे, यावर नोंदीचे भवितव्य ठरत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या जागी आणि दुसऱ्या हाती आहे की नाही, यावर ते ठरते.

वीज आणि नोंद

आता गिरणीच्या उपमेची मर्यादा स्पष्ट होते. खोपोलीच्या वीजघरात कोणत्याही गिरणीचे काहीच राहत नव्हते. एक युनिट वीज दुसऱ्या युनिटसारखीच असते, आणि वापरली की संपते. एक दिवस पुरवठा बंद पडला तर एका दिवसाचे कापड कमी निघे. दुसऱ्या दिवशी तार जोडली की गिरणी पूर्ववत सुरू. नोंदीचे तसे नाही. एक नोंद दुसऱ्या नोंदीसारखी नसते, आणि गेलेली नोंद तार जोडून परत येत नाही. संगणनाची शक्ती विजेसारखी भाड्याने घेता येते. नोंदीची जबाबदारी भाड्याने देता येत नाही.

म्हणून संस्थेचा कारभार क्लाउडवर नेऊ पाहणाऱ्या प्रमुखाने दरपत्रक उघडण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावयास हवेत. आपल्याकडे कोणकोणत्या नोंदी आहेत आणि त्यांतील कोणती कधीही हरवता कामा नये? त्यांची दुसरी प्रत कोठे आणि कोणाकडे आहे? ती प्रत प्रत्यक्ष उघडून, तिच्यावर कारभार चालवून कधी पाहिला आहे का? कुलपाची किल्ली कोणाच्या हातात आहे? ही सेवा उद्या सोडावयाची झाली, तर नोंदी दुसऱ्या यंत्राला वाचता येतील अशा रूपात परत मिळतील का, आणि किती दिवसांत? आणि शेवटचे, हे सर्व समजणारा माणूस आपल्या स्वतःच्या पगारावर राहणार आहे का? गिरणीने बॉयलरवरची माणसे कमी केली, तरी मोटारी समजणारा माणूस तिला ठेवावाच लागला.

हे प्रश्न वर्गातही घेता येतील. आठवी-नववीच्या मुलांना शाळेतील नोंदींची यादी करावयास सांगावे: जनरल रजिस्टर, हजेरीपट, निकालपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, संगणकावर भरलेली विद्यार्थ्यांची माहिती. प्रत्येकीसमोर तीन रकाने आखावेत: मूळ नोंद कोठे आहे, दुसरी प्रत कोठे आहे, दुसरी प्रत शेवटची कधी उघडून पाहिली. मुलांची खासगी माहिती यात येऊ नये, केवळ नोंदींची नावे यावीत, एवढी काळजी घ्यावी. तिसरा रकाना भरताना कार्यालयातील कारकुनांना विचारावे लागेल, आणि बहुधा त्यांनाही कपाट उघडावे लागेल. आमच्या संशोधन संस्थेत आम्ही असा तक्ता केला, तेव्हा तिसरा रकाना बराच कोरा राहिला. तो भरण्यात आमचे एक वर्ष गेले.